चार भिंती, चार नेमणुका

हॉलच्या चार भिंतींना चार वेगवेगळे रंगारी लावावेत आणि चौघांना चार वेगवेगळ्या बोलीवर ठेवावं, ही कल्पना हेडक्लार्कांना दाढी करताना सुचली. दाढी करताना सुचलेली कल्पना माणसानं तोंड धुताना धुऊन टाकावी, असं त्यांच्या पत्नीचं मत होतं. पण ते तिला कोणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तरी साबणाच्या फेसातून होकारच ऐकू आला असता.

कारण मुलीच्या नोकरीचं होतं. तिच्या हातात नेमणुकीची दोन पत्रं होती. पहिलं एका कचेरीच्या दप्तरखान्यातलं. नोकरी कायम, पगार बेताचा, रजा भरपूर, शेवटी पेन्शन. दुसरं जुने पूल मोजून त्यांचे नकाशे करणाऱ्या कंपनीचं. तीन वर्षांचं कंत्राट, पगार जवळजवळ दुप्पट, रजा नावालाच, पेन्शन नाही, आणि चौथ्या वर्षी कंपनी विचारणार, आपण कोण? मुलीनं पूल पसंत केले होते. ते तिनं शांतपणे सांगितलं आणि वडिलांपुढे एक फॉर्म सरकवला. कंत्राटावर येणाऱ्याला जामीनदार लागत होता, आणि जामीनदार कायम नोकरीतला जवळचा नातेवाईक असावा अशी अट होती. ज्या कंपनीला स्वतःला कायम नोकर नको होता, तिला जामीनदार मात्र कायमच हवा होता. मामा धंद्यात, काका निवृत्त, त्यामुळे सगळ्या गोतावळ्यात असा माणूस एकच उरत होता.

"बाबा, इथे सही."

"सही काय रस्त्यावर पडलीय? सत्तावीस वर्षांत न वाचता माझी सही झालेली नाही."

"मग वाचा ना."

"वाचलं. म्हणूनच करत नाही."

मुलीनं फॉर्म परत ओढून घेतला. ती त्यांचीच मुलगी होती, भांडण कुठल्या पानावर थांबवायचं ते तिला कळत होतं. शेवटी ठरलं असं, की फॉर्म तीस तारखेपर्यंत द्यायचा आहे. तोवर बाबांनी नोकऱ्यांच्या प्रकारांचा आणि त्यांत मिळणाऱ्या पैशांचा तुलनात्मक अभ्यास करावा आणि जो निर्णय होईल तो दोघांनी मानावा. तुलनात्मक अभ्यास हा शब्द हेडक्लार्कांचा. त्यांच्या शाखेत असा अभ्यास सुरू झाला की निदान दोन अधिकारी निवृत्त होत. पण इथे मुदत एका महिन्याची होती आणि हॉलला नाहीतरी रंग द्यायचाच होता.

"भिंतीवरून माझी नोकरी ठरवणार तुम्ही?" मुलीनं विचारलं.

"काम ते काम. भिंत असो नाहीतर पूल. माणूस कुठल्या बोलीवर ठेवला की कसा वागतो, एवढंच पाहायचंय."

मनातून निकाल त्यांना ठाऊकच होता. अभ्यास करणाऱ्या बहुतेकांना तो ठाऊक असतो.

बातमी जिन्यातून खाली गेली आणि सल्ले वर आले. खालच्या मजल्यावर एक पेन्शनर राहत. अडतीस वर्षं एकाच बँकेत काढलेले, महिन्याच्या पहिल्या तारखेला ठरलेली रक्कम घेणारे. ते म्हणाले, "पोरीला कंत्राट घेऊ दे. मी कायम राहिलो आणि जन्म फुकट गेला." वरच्या मजल्यावरचा विमा एजंट सगळा कमिशनवर जगत असे. तो म्हणाला, "साहेब, कायम! पायरीचे दगड झिजले, माझे जोडे झिजले, पण पहिली तारीख काही मला भेटली नाही." जाता जाता त्यानं मुलीच्या विम्याचा विषय काढला, ते सोडून द्या. समोरच्या शिकवणीवाल्या बाई तासावर शिकवत. त्या दारात उभ्या राहून घड्याळाकडे बघत बोलल्या. तासाचा हिशेब सगळ्यांत चोख, पण एक लक्षात ठेवा, आजारी पडलेला तास कुणी भरून देत नाही, असं त्यांनी चार मिनिटांत सांगितलं आणि दार लावून घेतलं. दुरून डोंगर साजरे म्हणतात; या इमारतीत प्रत्येकाला शेजारच्याचा डोंगर साजरा दिसत होता.

पेन्शनर इमारतीच्या समितीचे अध्यक्षही होते. त्यांनी हसत हसत कळवलं, की हॉल एक असला तरी रंगारी चार, म्हणजे कामं चार, म्हणजे अर्ज चार आणि अनामत रकमाही चार. हेडक्लार्कांना राग आला, पण नियम त्यांना पटला. आपणही हेच केलं असतं, असं ते पत्नीला म्हणाले. अशा माणसाबरोबर संसार करणं काय असतं, हे तिनं त्या दिवशीही कुणाला सांगितलं नाही.

पहिल्या तारखेला चौघेही हजर झाले. खिडकीकडची भिंत रोजंदारीवर, दाराकडची उक्ती, ठोक रकमेवर, पॅसेजकडची चौरस फुटावर आणि उरलेली, म्हणजे सोफ्यामागची, महिना पगारावर. जोड्यांच्या फळीवर हेडक्लार्कांनी खिळा मारून एक हजेरीवही लटकावली आणि ठीक पावणेदहाला ते स्वतःच्या ऑफिसात गेले. घरी पत्नी प्रभारी अधिकारी.

उक्तेवाल्याची गोष्ट आधी सांगितलेली बरी, कारण ती आधी संपली. "उक्तं बोललात ना? मग उभं राहून बघायचं नाही," असं त्यानं बजावलं. पत्नी खाली दूध आणायला गेली आणि परत आली, तर भिंत झालेली आणि माणूस पैशासाठी दारात उभा. कपाट त्यानं हलवलं नव्हतं, घड्याळ उतरवलं नव्हतं. या सगळ्यांच्या कडेकडेनं त्यानं रंग फिरवला होता, त्यामुळे एखादी वस्तू हलवली की तिच्या आकाराचा जुना रंग खालून बाहेर येई. "कपाट हलवायचं बोललं नव्हतं," तो म्हणाला, आणि ते खरं होतं. त्याच भिंतीवर हेडक्लार्कांचं पंचवीस वर्षांच्या सेवेचं सन्मानपत्र चौकटीत होतं. ते टाळायला मात्र तो विसरला. काचेवरून डावीकडून उजवीकडे मोतिया रंगाचा एक रुंद पट्टा गेला होता आणि त्याखाली 'निष्ठेने' हा शब्द गडप झाला होता. संध्याकाळी हेडक्लार्कांनी काच नखानं खरवडून पाहिली. अभ्यासाच्या वहीत त्यांनी लिहिलं: उक्ते काम. वेळ कमी. आदर शून्य.

रोजंदारीवाला याच्या अगदी उलट. वयस्कर, स्वच्छ कपड्यांतला, बोलायला मऊ. पहिल्या दिवशी त्यानं भिंतीकडे पाहिलं. "भिंत ओळखली पाहिजे, ताई," तो म्हणाला. दुसऱ्या दिवशी खरवडली. तिसऱ्या दिवशी पुट्टी भरली आणि चौथ्या दिवशी ती वाळते का ते बघत बसला. पाचव्या दिवशी आभाळ आलं म्हणून त्यानं हात आखडला. पुढे अस्तराचा हात झाला, मग पहिला हात, मग दुसरा. तिसरा कशाला, असं पत्नीनं विचारलं, तर त्याचा चेहरा इतका दुखावला की तिनंच चौथ्यालाही हो म्हटलं. बारा दिवसांनी ती भिंत अशी झाली, की तिच्याकडे पाहून उरलेल्या घराची लाज वाटावी. आणि त्या एका भिंतीच्या मजुरीत अख्खा हॉल दोनदा रंगला असता.

चौरस फुटवाल्यानं स्वतःची टेप आणली होती. त्याच्या टेपला जे जे लागे ते ते तो रंगवी. भिंत झाली, मग भिंतीतल्या कोनाड्याचं पोट, खिडकीच्या चौकटीचा आतला काठ, फळीची वरची बाजू, मग खालची. वळणावर तो कोपऱ्यातून पॅसेजमध्ये शिरला आणि न्हाणीघराच्या दारापर्यंत पोचला, तेव्हा पत्नीनं आरडाओरडा करून त्याला थोपवलं. त्याचं माप आलं ते एका भिंतीचं नव्हतं, लहानशा दवाखान्याचं होतं. हेडक्लार्कांनी स्वतः मोजलं तर ते निम्मं आलं. आवाज चढले, पेन्शनर वर आले, एजंट खाली आला आणि दोघांनी मिळून तिसरंच माप काढलं.

तेव्हा मुलगी आतून टेप, पेन्सिल आणि कागद घेऊन आली. कुणाशी एक शब्द न बोलता तिनं दहा मिनिटांत सगळं मोजलं आणि उभ्या उभ्याच कागदावर हॉल काढला. कोनाडा, खिडकी, फळी, कोपऱ्यातला तो चुकार खांबसुद्धा. प्रत्येक रेघेवर आकडा. रंगाऱ्यानं कागद पाहिला आणि निमूटपणे टेप गुंडाळली.

"ताईंनी काढलंय तेवढंच द्या," तो म्हणाला.

सगळे गेल्यावर हेडक्लार्क तो कागद बराच वेळ धरून बसले. या हॉलमध्ये ते एकोणीस वर्षं राहत होते आणि तो थोडा तिरका आहे हे त्यांना आज कळत होतं. कागद त्यांनी फाइलला लावला, पण अभ्यासात त्याची नोंद कुठल्या रकान्यात करावी ते त्यांना सुचेना.

आता चौथा. खरी गोम त्याच्यात होती.

त्याला महिना पगारावर ठेवायचं तर बोली कागदावर हवी, आणि हेडक्लार्कांना कागद एकाच तऱ्हेचा लिहिता येई. 'आपणांस कळविण्यात येते की, आपली रंगारी या पदावर नेमणूक करण्यात येत आहे,' अशी सुरुवात होऊन त्यात कामाची वेळ, महिन्याला एक किरकोळ रजा, दोन वेळा चहा हे सगळं आलं. शेवटी त्यांच्या लेखणीनं त्यांना न विचारताच लिहून टाकलं, की एक महिन्याची पूर्वसूचना दिल्याशिवाय उभय पक्षांपैकी कोणासही ही सेवा समाप्त करता येणार नाही. एक प्रत रंगाऱ्याला, एक दप्तरी.

रंगारी चाळिशीचा, मुकाट काम करणारा. त्याची भिंत चौथ्या दिवशी झाली. चांगली झाली. पाचव्या दिवशी साडेनऊला तो पुन्हा आला, हजेरीवहीत सही केली आणि विचारलं, "आज काय काम?"

"आज काही नाही," पत्नी म्हणाली.

"बरं," तो म्हणाला आणि गॅलरीतल्या खुर्चीत बसला.

अकराला चहा. तीनला चहा. साडेपाचला सही करून गेला. सहाव्या दिवशी तेच, सातव्या दिवशी तेच.

"अहो, तो माणूस कधी जाणार?"

"साडेपाचला."

"तसं नाही हो!"

हेडक्लार्कांनी दप्तरी प्रत काढून वाचली. पळवाट नव्हती. इतरांनी लिहिलेल्या कागदात पळवाटा शोधण्यात त्यांची हयात गेली होती, आणि नेमका हा कागद त्यांनी स्वतः लिहिला होता. पूर्वसूचना द्यावी तर आणखी महिनाभर तो बसणार. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. एजंट जिन्यात भेटला की मुद्दाम विचारी, "काय साहेब, स्टाफ कसा आहे?"

पण दुसऱ्या आठवड्यात नशीब पालटलं. बसून बसून रंगाऱ्याची नजर उक्त्या भिंतीवर गेली. त्यानं कपाट हलवलं, घड्याळ उतरवलं आणि ती भिंत नव्यानं केली. सन्मानपत्राची काच ब्लेडनं खरवडून लख्ख केली आणि 'निष्ठेने' परत बाहेर काढला. चौघांनी चार दुकानांतून मोतिया आणल्यानं हॉलमध्ये चार मोतिये नांदत होते. त्यानं डब्यात डबा मिसळून एकच मोतिया केला आणि सगळीकडे फिरवला. न्हाणीघराच्या दारावरचे ओघळ काढले, बिजागऱ्यांना तेल घातलं, गळका नळ बसवला. यातलं काहीच कुणी सांगितलं नव्हतं. "इथलाच आहे, तर करायला नको?" तो म्हणाला.

हेडक्लार्कांना आभाळ ठेंगणं झालं. चोवीस तारखेला त्यांनी चष्मा पुसून अभ्यासाचा निष्कर्ष मोठ्यांदा वाचला. उक्त्यानं घाई केली, रोजंदारानं रेंगाळत ठेवलं, चौरस फुटवाल्यानं लुबाडलं. घर आपलं मानलं ते एका कायम माणसानं. सबब कायम नोकरी सर्वोत्तम. तीस तारखेला पूलवाल्यांना नकार कळवावा.

"बरं," मुलगी म्हणाली.

तिनं फॉर्म उचलला, घडी घातली आणि आत नेला. त्या 'बरं'मध्ये पुढचं भांडण नव्हतं. ते असतं तर हेडक्लार्कांना बरं वाटलं असतं. जेवताना तिनं पुलांचा विषय काढला नाही, दप्तरखान्याचाही काढला नाही. विचारलं तेवढ्याला उत्तर देत राहिली, अगदी त्यांच्या शाखेतल्या कनिष्ठ लिपिकासारखी.

एकोणतीस तारखेला ऑफिसला सुट्टी होती. सुट्टी रंगाऱ्यालाही द्यायला हवी होती, पण नेमणूकपत्रात सुट्ट्यांची यादी जोडायची राहिली होती, म्हणून तो आला. घरात आता करण्यासारखं काहीच उरलेलं नव्हतं. तो गॅलरीत वर्तमानपत्र घेऊन बसला, हेडक्लार्क हॉलमध्ये दुसरं पान घेऊन. अकरा वाजता दोघांनी एकदमच स्वयंपाकघराकडे पाहिलं. दुपारी रंगाऱ्यानं निविदा सूचना वाचल्या, मग पान उलटून पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतलं. तीनच्या चहाला दोघांचे हात एकदम पुढे आले आणि पत्नीला हसू आवरेना. सव्वापाचला रंगाऱ्यानं कोरडा, स्वच्छ ब्रश उगाचच फडक्यानं पुसला. हेडक्लार्कांनी पाहिलं, तर त्यांचा स्वतःचा हात टीपॉयवरचे कागद एकावर एक रचत होता, कडेला कडा लावून. सव्वापाचला रोज रचतो तसा. त्यांनी हात मागे घेतला.

साडेपाचला रंगाऱ्यानं सही केली आणि खिशातून एक अर्ज काढला. राजीनामा होता. पूर्वसूचनेचा महिना माफ व्हावा, अशी विनंती होती. वर उजवीकडे तारीखसुद्धा होती.

"कुठे मिळालं?"

"शाळेची इमारत आहे, साहेब. बाहेरून. उक्ती. पाच मजले, परांची बांधून."

"पैसे?"

"काम पुरं झालं की ठरलेले. मध्येच पाऊस आला तर तेही लांबणीवर."

"मग इथे काय कमी पडलं तुला?"

"काहीच नाही. ताई चहासुद्धा वेळेवर देतात." तो घुटमळला. मग भिंतीवरच्या सन्मानपत्राकडे पाहून म्हणाला, "साहेब, एक विचारू? मला पहिल्या आठवड्यात फार जड गेलं. बसणं. तुम्ही पंचवीस वर्षं कसं काय बसलात?"

त्यात टोमणा नव्हता. एका कारागिरानं दुसऱ्याला त्याच्या कसबाबद्दल विचारावं तसं त्यानं विचारलं होतं, आणि म्हणूनच हेडक्लार्कांना चटकन रागावता येईना. आतल्या दाराशी मुलगी उभी होती. तिनंही ते ऐकलं होतं.

"सवय होते," हेडक्लार्क म्हणाले.

"तेच," रंगारी म्हणाला. "मला व्हायला लागली होती."

त्याला अनुभवाचा दाखला हवा होता. हेडक्लार्कांनी आजवर शेकडो दाखले लिहिले होते. त्यांनी कागद ओढला आणि सरळ लिहीत गेले: केलेले काम, चार भिंती व किरकोळ दुरुस्त्या. उर्वरित काळ, हजर. ते शेवटच्या शब्दापाशी थांबले. चार वर्षांनी आपल्या निवृत्तीचा कागद कुणीतरी असाच लिहील, आणि तो माणूस आस्थापना शाखेतला असला तर अचूक लिहील. त्यांनी तो कागद फाडला. दुसऱ्यावर लिहिलं, की हा उत्तम रंगारी आहे, आणि अर्जावर 'मंजूर' असा शेरा मारला. पूर्वसूचना का माफ केली याचं कारण त्यांनी नोंदवलं नाही. कारण न नोंदवता सूट देण्याची त्यांची ही पहिलीच वेळ. रंगारी दोन्ही कागद खिशात घालून जिना उतरला, तो दोन-दोन पायऱ्या टाकत.

तीस तारखेला सकाळी मुलगी दप्तरखान्याचं पत्र पिशवीत घालून निघाली होती. हेडक्लार्क दाढी करत होते. फेसातूनच त्यांनी हाक मारली.

"तो फॉर्म कुठाय?"

"कुठला?"

"पुलांचा. फाडला नाहीस ना?"

तिनं पुस्तकातून काढून दिला. ते तसेच, गालावर फेस घेऊन, टीपॉयशी बसले. नाव लिहिलं, वय लिहिलं. 'नोकरीचे स्वरूप' या रकान्यात 'कायम' लिहिलं आणि 'एकूण सेवा' समोर सत्तावीस वर्षं. या दोन नोंदींचा कुणाला काही उपयोग होतोय, असं त्यांना फार दिवसांनी वाटलं.

"आणि तुमचा अभ्यास, बाबा?"

"नमुना लहान होता," ते म्हणाले. "चार भिंतींवरून काय कळणार?"

ती त्यांच्या शेजारी येऊन बसली. सही करून त्यांनी शेवटचा रकाना भरला आणि कागद तिच्याकडे दिला. तिनं वाचला. मग बोट ठेवून म्हणाली, "बाबा, इथे चुकलंय. जामिनाची मुदत विचारलीय. तीन वर्षं लिहायला हवं. तुम्ही 'कायम' लिहिलंय."

हेडक्लार्कांनी चष्मा लावून पाहिलं.

"असू दे," ते म्हणाले. "मला दुसरं काही लिहिता येत नाही."